डिटेक्टर मुकाट बिघडतो: किरणोत्सर्ग मोजणारी नाजूक उपकरणं धक्का, ऊन-थंडी आणि ओलाव्यापासून कशी जपावीत

माझ्या हातून पहिला डिटेक्टर गेला तेव्हा तो पडला नव्हता, आपटला नव्हता, भिजलाही नव्हता. कडाक्याच्या थंडीत बाहेरचं मोजमाप उरकून मी तो आत आणला आणि स्वतःचे हात शेकता शेकता त्यालाही हीटरजवळ ठेवलं. माया म्हणून! दुसऱ्या दिवशी सिझियमच्या स्रोतासमोर धरला, तर पडद्यावरच्या वर्णपटात, म्हणजे कोणत्या ऊर्जेचे किती किरण आले याच्या आलेखात, एका शिखराच्या जागी दोन टेकड्या. आतला सोडिअम आयोडाइडचा स्फटिक चिरला होता. बाहेरच्या ॲल्युमिनियमच्या डब्यावर मात्र ओरखडासुद्धा नव्हता.

तेव्हापासून या कामात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच गोष्ट सांगतो. भक्कम पेटी विकत घेण्याआधी आपल्या डिटेक्टरचा कच्चा दुवा कोणता ते शोधा. कुणाला धक्का सोसत नाही, कुणाला ओलावा, कुणाला नुसता बोटाचा स्पर्श. सगळ्यांना एकच औषध लागू पडत नाही.

पायरी १: आपल्या हातात नेमकं काय आहे?

गायगर-म्युलर नळी १९२८ सालची, आणि अजूनही सगळ्यांत काटक. एसबीएम-२० सारखी पातळ पोलादी भिंतीची नळी बरंच काही सोसते. काचेची नळी काचेसारखीच फुटते, त्यात नवल नाही. पण अल्फा कण मोजण्यासाठी टोकाला अभ्रकाची खिडकी असलेली नळी हे वेगळंच प्रकरण आहे. ती खिडकी साधारण १.५ ते २ मिलिग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर जाडीची असते, म्हणजे पाच-सात मायक्रॉन. आतल्या वायूचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा बराच कमी, त्यामुळे खिडकी कायम आत ओढलेली, ताणलेली. गवताचं एक ताठ पातं टोचलं तरी ती जाऊ शकते, आणि खिडकी गेली की नळी गेलीच. दुरुस्ती नाही.

किरण पडला की चमकणारा, थॅलियम मिसळलेला सोडिअम आयोडाइड रॉबर्ट हॉफस्टॅटर यांनी १९४८ मध्ये पुढे आणला आणि गॅमा वर्णपटाच्या कामात तो आजही सर्रास वापरला जातो. त्याची दुखणी तीन: हवेतलं पाणी तो अधाशासारखा शोषतो, ठरावीक प्रतलांवर सहज दुभंगतो आणि तापमान बदललं की खूप फुगतो-आकसतो. त्याला डोळा म्हणून जोडलेली, ती मंद चमक विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारी फोटोमल्टिप्लायर ट्यूब, म्हणजे पीएमटी, ही आतून निर्वात असलेली काचेची कुपी. म्हणजे दोन नाजूक जीव पारदर्शक ग्रीसच्या किंवा सिलिकॉनच्या पातळ थराने एकमेकांना चिकटवलेले. धक्क्यात बहुतेक वेळा आधी हा सांधाच दगा देतो.

बाकीच्यांची ओळख भराभर करून घेऊ. सिझियम आयोडाइड किंचित लवचीक असतो, तो दुभंगत नाही. धक्क्याचं काम असेल तर मी आधी त्याचाच विचार करतो. लँथनम ब्रोमाइड फार सुरेख मोजतो, पण ओलाव्याला सोडिअम आयोडाइडइतकाच हळवा आहे. बीजीओ, म्हणजे बिस्मथ जर्मेनेटचा स्फटिक, याला पाण्याची भीती नाही, मात्र तापमान वाढलं की त्याचा प्रकाश झपाट्याने घटतो. प्लास्टिक सिंटिलेटर (किरण पडला की चमकणारं प्लास्टिक) पाण्याला आणि हादऱ्याला भीक घालत नाही, पण ॲसिटोनच्या बोळ्याने पुसलात तर पृष्ठभागावर बारीक भेगांचं जाळं पसरतं. बोटांचे तेलकट ठसेही कालांतराने हेच करतात. झिंक सल्फाइडच्या अल्फा प्रोबवरचा चंदेरी पापुद्रा इतका पातळ असतो की एका खड्याने त्याला भोक पडतं आणि उजेड आत शिरतो. हीलियम-३ च्या न्यूट्रॉन नळीत मधोमध केसासारखी तार ताणलेली असते. ती थरथरली की न्यूट्रॉन नसतानाही काउंट, म्हणजे कण आल्याच्या नोंदी, दिसू शकतात. कॅडमियम झिंक टेल्युराइड छोटा आणि सोयीचा, पण ठिसूळ. जर्मेनियमची गोष्ट निराळी. तिच्यासाठी खाली स्वतंत्र जागा ठेवली आहे.

उपकरणासोबत डेटाशीट आलं असेल तर त्यातले चार आकडे शोधा: चालवण्याचं तापमान, साठवण्याचं तापमान, तापमान बदलण्याचा कमाल वेग आणि धक्क्याची मर्यादा. ते पेटीच्या झाकणाला आतून चिकटवा. कपाटातल्या फाइलमध्ये ते कुणी उघडून बघत नाही.

पायरी २: निघण्याआधी आकडे लिहून ठेवा

नवशिके ही पायरी हमखास गाळतात. आधीचं माहीत नसेल तर नंतरचं बिघडलं की नाही हे कळणार कशावरून?

साध्या काउंटरसाठी दोन नोंदी पुरतात: दहा मिनिटांचं बॅकग्राउंड (आसपासचा नेहमीचा किरणोत्सर्ग) आणि एखादा तपासणी स्रोत ठरावीक अंतरावर ठेवून मिळालेले काउंट. अंतर दरवेळी तेच हवं, म्हणून लाकडाचा एक ठोकळा कापून ठेवा. वर्णपट काढणारं उपकरण असेल तर सिझियम-१३७ चं ६६२ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचं शिखर किती नंबरच्या चॅनेलवर आलं, त्या वेळी व्होल्टेज किती होतं, आणि शिखराची निम्म्या उंचीवरची रुंदी किती होती हे टिपा. चांगल्या सोडिअम आयोडाइडला ही रुंदी ऊर्जेच्या ७ टक्क्यांच्या आसपास येते. खोलीचं तापमानही शेजारी लिहा. ते का, हे पुढे येईल.

स्रोत बाळगायला तुमच्याकडचे नियम परवानगी देत नसतील तर पोटॅशियम क्लोराइडचा मोठा डबा चालतो. निसर्गातल्या पोटॅशियममध्ये पोटॅशियम-४० असतंच आणि त्याचं १४६१ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचं शिखर धीर धरला तर नीट दिसतं. लँथनम ब्रोमाइडवाल्यांना तर बाहेरचं काहीच नको. त्यांच्या स्फटिकातलंच लँथनम-१३८ त्याच परिसरात आपली रेघ उमटवत असतं.

पायरी ३: धक्का

धक्क्याबद्दल बोलताना लोक उंचीबद्दल बोलतात. 'फक्त टेबलावरून पडला हो!' खरा प्रश्न आहे तो किती अंतरात थांबला याचा. हिशोब सोपा आहे: पडण्याच्या उंचीला थांबण्याच्या अंतराने भागा, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या किती पट धक्का बसला याचा सरासरी आकडा मिळतो. टेबल ७५ सेंटिमीटरचं, फरशी कडक, डबा आणि फरशी मिळून १ मिलिमीटर दबले, तर ७५० जी. तोच डिटेक्टर फोममध्ये ३ सेंटिमीटर दबत थांबला तर २५ जी. पडणं तेच, फरक तीस पटींचा. आणि हे सरासरीचे आकडे. क्षणभराचा कळसाचा धक्का याच्या दुपटीवर सहज जातो.

आता फोम. ३ सेंटिमीटर दबायला हवं म्हणून ३ सेंटिमीटरचा फोम आणला तर उपयोग नाही, कारण फोम निम्म्याहून थोडा जास्त दबला की त्याच्यातली हवा संपते आणि तो लाकडासारखा वागायला लागतो. याला आम्ही 'फोम तळाला टेकला' म्हणतो. तेव्हा जाडी दुप्पट धरा: सहा बाजूंना सहा-सहा सेंटिमीटर. पेटी मोठी होते, उचलायला कंटाळा येतो, हे सगळं मान्य. तरीही.

जाडीपेक्षा जास्त चुका होतात त्या कडकपणात. हलक्या प्रोबखाली कडक फोम घातला तर तो दबतच नाही. हातात घट्ट, भारदस्त लागतो म्हणून लोक तोच निवडतात. जड डिटेक्टरखाली गादीचा मऊ फोम घातला तर पहिल्याच आदळण्यात तो तळाला टेकतो. दुकानातल्या घनतेच्या आकड्यांवरून हे कळत नाही. मी एक जुनीच युक्ती वापरतो: डिटेक्टर फोमवर नुसता ठेवायचा. जाडीच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतका रुतला तर ठीक. अजिबात रुतला नाही तर फोम कडक, चौथा हिस्सा रुतला तर फार मऊ. हा काही प्रयोगशाळेतला निकष नाही, पण टोकाच्या चुका त्यातून टळतात.

खाच कापताना डिटेक्टरचा आकार फोमवर आखून रेषेच्या किंचित आतून कापा. तो खाचेत खुळखुळता कामा नये. मोकळी जागा राहिली की डिटेक्टर आधी वेग घेतो आणि मग फोमवर आदळतो, म्हणजे आपणच त्याला धावायला मैदान दिलं. स्फटिकाच्या डब्याला आणि पीएमटीच्या भागाला स्वतंत्र आधार हवा. एकच आधार बरोबर सांध्याखाली आला तर धक्का बसताना दोन्ही टोकं खाली वाकतात आणि सांधा उलतो. केबल काढून वेगळ्या कप्प्यात ठेवा. जोडलेला कनेक्टर म्हणजे डिटेक्टरच्या पाठीत रुतलेली पहारच.

थर्मोकोल एकदाच वाचवतो. एक मोठा आघात झाला की तो चेपलेलाच राहतो, आणि बाहेरून ते कळत नाही. बुडबुड्यांचं प्लास्टिक वेळ मारून न्यायला बरं, पण वजनाखाली दिवसचे दिवस राहिलं तर बुडबुडे बसतात. कुरिअरने पाठवायचं असेल तर पेटीत पेटी: आतल्या पेटीभोवती पुन्हा ५ सेंटिमीटरचा फोम. धक्का बसला की लाल होणारं शॉक इंडिकेटरचं लेबल लावणार असाल तर ते आतल्या पेटीवर लावा. बाहेरच्या खोक्यावर लावलेलं लेबल हमालाच्या पहिल्याच टाकण्यात लाल होतं आणि डिटेक्टरला काय बसलं याबद्दल काहीच सांगत नाही.

तेलविहिरीत उतरवल्या जाणाऱ्या गॅमा उपकरणांकडून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. खोदकाम चालू असताना ती पात्याच्या मागेच असतात. तापमान दीडशे अंशांच्या वर जातं आणि हादरे अखंड. तिथे स्फटिक मऊ गादीवर झुलवत नाहीत. डब्यात त्याला स्प्रिंगने दाबून आणि सिलिकॉन रबराच्या वेष्टनाने आवळून धरतात, म्हणजे तो डब्याच्या भिंतींशी आपटत नाही. म्हणजे काम दोन पातळ्यांवर चालतं: आतलं काहीही हलायचं नाही, आणि बाहेरचं सावकाश थांबायचं. आतली बाजू उत्पादकाच्या हातात. नवं उपकरण घेताना 'रग्ड' असा शब्द दिसला तर त्यांनी आत नेमकं काय केलं आहे हे विचारा. नुसतं बाहेरून रबर चढवूनही हा शब्द छापता येतो.

पट्ट्याने आवळताना मात्र हात सैल ठेवा. स्फटिकाचा ॲल्युमिनियमचा डबा फार पातळ असतो, स्क्रू-क्लॅम्प जोराने पिळला तर तो दबतो आणि आतला परावर्तक थर हलतो.

काच फुटण्याची सगळ्यांत मोठी घटना जपानमधल्या सुपर-कामिओकांदे वेधशाळेत घडली. १२ नोव्हेंबर २००१ रोजी टाकीत पाणी भरत असताना तळाची एक पीएमटी फुटली. अर्धा मीटर व्यासाची निर्वात कुपी ती; पाण्यातून निघालेल्या दाबलहरीने शेजारच्या फोडल्या, त्यांनी त्यांच्या शेजारच्या, आणि ११ हजारांहून थोड्या अधिक नळ्यांपैकी साडेसहा हजारांहून जास्त काही क्षणांत गेल्या. नंतर प्रत्येक नळीला पुढून ॲक्रिलिकचं आणि मागून फायबरग्लासचं कवच चढवलं गेलं. हवेत अशी साखळी लागत नाही, पण एका पेटीत दोन पीएमटी एकमेकींना टेकवून कधीच नेऊ नका. प्रत्येकीला आपला कप्पा.

आणि कंपन? लांबच्या खडबडीत रस्त्यावर ते एका मोठ्या धक्क्यापेक्षा वाईट ठरू शकतं: स्क्रू ढिले होतात, ग्रीसचा सांधा सरकतो. गाडीच्या मागच्या चाकांवर पेटी ठेवू नका. सीटवर ठेवून पट्टा लावा.

पायरी ४: तापमान

सोडिअम आयोडाइड दर अंशाला दशलक्षात सुमारे ४७ भाग प्रसरण पावतो, ॲल्युमिनियम त्याच्या निम्मा, खिडकीची काच आणखी कमी. तिघं एकाच डब्यात कोंडलेले. तापमान हळूहळू बदललं तर सगळे जमवून घेतात. झटक्यात बदललं तर स्फटिकाची बाहेरची बाजू फुगते, आतला गाभा अजून थंड, आणि मधल्या ओढाताणीत तो दुभंगतो. मी हीटरजवळ नेमकं हेच केलं होतं.

उत्पादक साधारणपणे ताशी ८ ते १० अंशांच्या आत राहायला सांगतात. स्फटिक मोठा असेल तर त्याहूनही सावकाश. तुमच्या डेटाशीटमध्ये जो आकडा असेल तो प्रमाण माना. हिशोब असा करा: बाहेर उणे १०, आत २२, फरक ३२ अंशांचा. ताशी ८ धरले तर चार तास. हे चार तास डिटेक्टर बंद पेटीतच राहिला पाहिजे. आता त्या जाड फोमचा दुसरा फायदा बघा: तो उष्णताही अडवतो, म्हणून पेटी उघडली नाही तर आतलं तापमान आपोआप संथ सरकतं. पेटीत छोटा तापमान-लॉगर टाकून एकदा खात्री करून घ्या. बाहेर जातानाही हाच नियम, आणि तिथे सगळ्यांची घाई असते.

उन्हात बंद करून ठेवलेली गाडी ही दुसरी भट्टी. साध्या पीएमटीची मर्यादा बहुधा ५० अंशांच्या आसपास असते आणि गाडीतलं तापमान ती सहज ओलांडतं. काम करताना प्रोबवर पांढरं कापड टाका आणि तापलेल्या जमिनीपासून तो उचलून ठेवा.

डिटेक्टर न बिघडताही तापमानाने आकडे सरकतात. सोडिअम आयोडाइडचा प्रकाश तापमान वाढताना दर अंशाला साधारण ०.३ टक्के कमी होतो, पीएमटी आपली भर घालते. काही उपकरणांत पीएमटीच्या जागी असणाऱ्या सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर चिपला धक्क्याचं आणि चुंबकाचं भय नाही, पण तापमान बदलताच त्याचं प्रवर्धन हलतं, म्हणून चांगल्या उपकरणात त्याची भरपाई करणारं सर्किट असतं. थोडक्यात, दुपारी शिखर सरकलेलं दिसलं तर डिटेक्टर गेला म्हणून डोक्याला हात लावू नका. वहीत लिहिलेलं खोलीचं तापमान बघा आणि पुन्हा कॅलिब्रेट करा.

थंडीत पडदा मंदावतो आणि बॅटरी लवकर मान टाकते. सुटे सेल आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा.

पायरी ५: ओलावा

पाणी शोषणारे स्फटिक कारखान्यातच सीलबंद होऊन येतात. त्यामुळे स्फटिकाला पाणी लागू न देणं हे तुमचं काम नाही. ते सील जपणं हे तुमचं काम. खिडकीभोवतीचा इपॉक्सीचा जोड द्रावकाने घासू नका, डब्यावर स्क्रूसाठी भोक पाडू नका, आणि आत काय आहे या उत्सुकतेपोटी तो उघडू तर अजिबात नका.

जास्त छळतो तो दव. थंड डिटेक्टर उबदार, दमट खोलीत आणला की चष्म्यावर धरतं तसं बाष्प त्याच्यावर धरतं. हजार व्होल्टच्या आसपासचा पुरवठा आणि कनेक्टरवर पाण्याचा पापुद्रा ही जोडी वाईट: विद्युतगळती होते, बारीक ठिणग्या उडतात आणि प्रत्येक ठिणगी काउंट म्हणून नोंदली जाते. एकदा मी अर्धा दिवस एका जागेला 'गरम', म्हणजे किरणोत्सारी, समजून फिरत होतो. गरम होता तो फक्त कनेक्टर. उपाय सोपा. बाहेर असतानाच, थंड हवेत, डिटेक्टर झिपच्या पिशवीत घालून हवा काढून बंद करा आणि मग आत आणा. बाष्प पिशवीच्या बाहेरच्या अंगावर धरेल. वरचे चार तास संपले की पिशवी उघडा. व्होल्टेज त्यानंतर.

कनेक्टर मळले असतील तर बंद उपकरणावर, शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सोडणारं कापड. पूर्ण वाळू द्या. प्लास्टिक सिंटिलेटरच्या पृष्ठभागाला मात्र अल्कोहोलही लावू नका.

पेटीत सिलिका जेल ठेवा, रंग बदलणारं. निळ्याचं गुलाबी होणाऱ्या जातीत कोबाल्ट क्लोराइड असतं, ते आरोग्याला बरं नाही. केशरी जात घ्या. रंग बदलला की ११०-१२० अंशांवर दोनेक तास तापवलं की पुन्हा ताजं होतं. हवेशी खुल्या असलेल्या आयन चेंबरमध्ये (किरणांनी हवेत निर्माण होणारा विद्युतप्रवाह मोजणारं उपकरण) हे जेल ऐच्छिक नाही. तिथे मोजला जाणारा प्रवाह इतका सूक्ष्म असतो की ओलसर इन्सुलेटरवरून होणारी गळतीच त्याला गिळून टाकते.

आयपी६७ छापलेलं पाहून निर्धास्त होणाऱ्यांसाठी एक टीप. आयईसी ६०५२९ या मानकातली ती परीक्षा म्हणजे एक मीटरपर्यंत पाण्यात ३० मिनिटं, आणि पाण्याचं तापमान उपकरणाच्या जवळपास. उन्हात तापलेलं उपकरण थंड पाण्यात बुडवलं तर आतली हवा आकसते आणि रबरी वळ्याच्या फटीतून पाणी आत ओढते. वळ्यावरचा एक वाळूचा कणही पुरतो. बॅटरीचं झाकण लावण्याआधी वळं बोटाने पुसायची सवय लावा.

पायरी ६: प्रत्यक्ष कामावर

अभ्रकाच्या किंवा पापुद्र्याच्या खिडकीवरचं झाकण मोजायच्या क्षणी काढायचं आणि लगेच लावायचं. झाकण तसंच ठेवून अल्फा मोजता येत नाही, त्यामुळे ते लावायचा कंटाळा येतो, आणि खिडक्या त्या कंटाळ्यातच जातात. प्रोब जमिनीवर टेकवू नका; दोन बाजूंना पट्ट्या लावून एक सेंटिमीटरची उंची कायम करा.

धूळ-चिखलापासून आणि दूषित होण्यापासून वाचवायला पातळ प्लास्टिकची पिशवी उत्तम. गॅमाला ती जाणवतही नाही, बीटा थोडे घटतात, अल्फा जवळपास संपतात. पिशवी चढवून अल्फा 'शून्य' लिहून येऊ नका.

प्रोबला केबलने धरून उचलू नका. पीएमटीभोवती म्यू-मेटलचं चुंबकरोधक कवच असतं, ते जोरात आपटलं किंवा वाकलं तर त्याचा गुण उतरतो. नळी शाबूत दिसते, पण प्रोब फिरवला की पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रानेही शिखर हलायला लागतं. व्होल्टेज चालू असताना पीएमटीवर उजेड पडला तर ती कायमची बिघडू शकते. केबल काढण्या-जोडण्याआधी व्होल्टेज शून्यावर आणा, एक मिनिट थांबा.

जर्मेनियम असेल तर

जर्मेनियमचा स्फटिक उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनने किंवा विजेच्या कूलरने थंड ठेवतात, निर्वात कवचात. नवशिक्यांची ठरलेली चूक अशी: नायट्रोजन संपला, स्फटिक अर्धवट गरम झाला, आणि घाबरून लगेच पुन्हा भरला. असं करू नका. गार असताना आतली रेणूशोषक चाळणी, म्हणजे उरलेसुरले वायू शोषणारा पदार्थ, जे काही धरून ठेवते ते गरम होताना सुटतं. अर्धवट अवस्थेत पुन्हा थंड केलं तर ते स्फटिकाच्या पृष्ठभागावर जाऊन बसू शकतं आणि विद्युतगळती वाढते. आधी व्होल्टेज बंद, मग पूर्ण खोलीच्या तापमानाला येऊ द्या, एखादा दिवस लागतो, आणि मगच नव्याने थंड करा. तापल्यावर व्होल्टेज आपोआप तोडणारी वायर जोडलेली आहे ना, हे पहिल्याच दिवशी बघा.

बेरिलियमची खिडकी असेल तर तिला हात लावायचा नाही. ती ठिसूळ आहे आणि तिची धूळ विषारी. कार्बन फायबरची खिडकी जास्त सोशीक. जर्मेनियम हादरे 'ऐकतो' सुद्धा: पंप, चालणारी माणसं, नायट्रोजनचं बुडबुडणं, सगळं शिखराच्या रुंदीत उमटतं. खाली रबरी पाय द्या, पंप दुसऱ्या टेबलावर.

आणि तुमच्यासाठी: एक लिटर द्रवरूप नायट्रोजनचे सुमारे ७०० लिटर वायू होतात. बंद गाडीत किंवा छोट्या खोलीत तो मुकाट्याने ऑक्सिजन हटवतो. खिडकी उघडी, आणि शक्य तिथे ऑक्सिजनचा अलार्म.

पायरी ७: परतल्यावर काय बघायचं?

पेटी वेळेवर उघडली, उपकरण कोरडं आहे, व्होल्टेज हळूहळू चढवलं. आता पायरी २ मधलं तेच मोजमाप, त्याच ठोकळ्यावर, पुन्हा करा.

शिखर सरकलं पण रुंदी तीच, तर बहुधा तापमान किंवा व्होल्टेज. शिखर खाली आलं आणि रुंदही झालं, तर ग्रीसचा सांधा सुटल्याची शंका घ्या. डिटेक्टर आडवा-उभा धरून बघा, स्थितीबरोबर शिखर हललं तर शंका पक्की. एकाची दोन शिखरं झाली किंवा डाव्या बाजूला खांदा आला, तर स्फटिक चिरला असण्याचा संभव मोठा, कारण दोन तुकड्यांतून प्रकाश सारखा पोचत नाही. आधी कमी ऊर्जेची शिखरंच फिसकटली आणि ६६२ चं अजून ठीक आहे, तर सीलमधून ओलावा शिरतोय: कमी ऊर्जेचे गॅमा स्फटिकाच्या कडेलाच थांबतात आणि पाणी कडेपासूनच आत जातं. पुढे स्फटिक पिवळट पडतो.

बॅकग्राउंड अचानक चढलं तर दोन गोष्टी. टॉर्च घेऊन खिडकीवर आणि जोडांवर फिरवा. काउंट उसळले तर उजेड आत शिरतोय. अल्फा प्रोबच्या पापुद्र्यातलं सुईच्या टोकाएवढं भोक काळ्या रंगाच्या ठिपक्याने तात्पुरतं बुजतं, नंतर पापुद्रा बदला. टॉर्चने काही झालं नाही तर केबल हळूच हलवा. खरखर आली तर दोष तिथे आहे.

साठवताना अल्कलाइन सेल काढून ठेवा. गळालेल्या सेलने मेलेली उपकरणं मी धक्क्याने मेलेल्यांपेक्षा जास्त पाहिली आहेत. खोली स्थिर तापमानाची, लाउडस्पीकर-मोटारीसारख्या चुंबकांपासून लांब. आणि एक कुणी सहसा सांगत नाही: शेजारी हीलियमचं गळकं सिलिंडर असेल तर पीएमटी तिथून हलवा. हीलियम काचेतून झिरपतो, निर्वात हळूहळू खराब करतो, आणि मग प्रत्येक खऱ्या सिग्नलमागे खोट्यांचं शेपूट दिसायला लागतं.

स्फटिक चिरला किंवा ओलावला असेल तरी तो लगेच फेकू नका. मोठा सोडिअम आयोडाइड महाग असतो आणि तज्ज्ञ कारखान्यात तो कोरड्या हवेच्या पेटीत उघडून, घासून, नव्या डब्यात बंद करून मिळू शकतो. पाठवताना वहीतल्या दोन्ही नोंदी, आधीची आणि नंतरची, सोबत द्या. पॅकिंग मात्र नव्या डिटेक्टरचं करता तसंच करा. चिरलेला स्फटिक दुसऱ्या धक्क्यात आणखी तुकडे होऊन पोचला तर वाचवायला काही उरत नाही.